आईचे फडताळ

राजवाड्याभोवतीच्या आपल्या जुन्या घरांत भिंती हातभर जाड, फडताळ त्यांच्यातच. खोलीची वीतभर जागाही जात नसे. आता दोन खोल्यांचा फ्लॅट, नऊ इंची भिंत, आणि आईची लुगडी पलंगाखालच्या ट्रंकेत. वाकून ट्रंक ओढायचे तिचे वय आहे का?

तर या थंडीत सुताराला बोलवाच. हँगरला दोन फूट खोली लागते, घडीच्या लुगड्यांना सव्वा फूट पुरते. वाचलेल्या पाऊण फुटात चालायला वाट राहते. तिचे कप्पे कंबर ते खांदा एवढ्याच उंचीत ठेवा.

कोरड्या हवेत लाकूड आकसलेले असते. तेव्हा घट्ट बसवलेले दार श्रावणात फुगून अडते. सुतार कितीही कुरकुरला तरी थोडी फट ठेवायला लावा.

कॅनडात मुलांकडे बर्फाचा हिवाळा काढून आलेल्यांना ठाऊक असेल, बाहेरच्या गार भिंतीला टेकलेल्या कपाटात दमट हवेचे पाणी होते, कपड्यांना बुरशी लागते. आपल्याकडे तेच काम पावसाळ्यातली ओल करते. म्हणून कपाट आतल्या भिंतीलाच.

किल्ली आईकडे द्या. आत काय ठेवले, ते विचारू नका.