मात्रेपूर्वीचे एक मिनिट

डिजिटॅलिसच्या पानांनी अंगावरची सूज उतरते, हे विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ साली ग्रंथरूपाने मांडले. मात्रा अधिक झाल्यास ओकाऱ्या होतात, पिवळे दिसते, नाडी मंदावते, हेही त्यांनी तेथेच नोंदविले. तारक आणि मारक मात्रेतील अंतर थोडेच. हृदय दुबळे होऊन धाप लागणाऱ्या काही रुग्णांना आजही त्याच कुळातील डिगॉक्सिन देतात. गोळी देण्यापूर्वी परिचारिका छातीवर स्टेथॉस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. प्रौढ रुग्णाचे ठोके ६० हून कमी भरले, तर ती गोळी रोखून डॉक्टरांना कळविते. लघवी वाढविणाऱ्या औषधाने रक्तातील पोटॅशियम घटले असल्यास धोका अधिकच. रात्रपाळीच्या घाईत ते मिनिट लांबलचक वाटते. पण रुग्णाचे प्राण कित्येकदा त्याच मिनिटावर अवलंबून असतात.