कोणते गुण लावायचे?

भोर-वेल्ह्याच्या मुली मला हमखास विचारतात, "सर, सीईटीला 84, जेईई मेनला 71 पर्सेंटाइल. कोणते लावू?" मग हळूच म्हणतात, "71 घरी सांगितलेच नाहीत."

लपवू नका. जेईईला देशभरातली मुलं बसतात, सीईटीला बहुतेक आपल्या राज्यातली. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

कॅपच्या अर्जात दोन्ही भरा. राज्याच्या जागा सीईटीवर मिळतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजांतल्या 15 टक्के ऑल इंडिया जागांवर आधी जेईई बघतात. शिवाय मुंबईच्या साबू सिद्दिकसारख्या अल्पसंख्याक कॉलेजांत आपल्यासाठी जागा असतात. तो रकाना, संकोच वाटला तरी, भराच.

आणि जेईईचा ॲप्लिकेशन नंबर आजच वहीत लिहून ठेवा.