पिकले केस आणि मायबोली
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पिकल्या केसांपुढे उठून उभे राहावे, ही तोराहची आज्ञा (लेवीय 19:32). गावाकडे आपले हिंदू शेजारी साठी पुरी झाली की शांत करीत. इथे ब्रिटनमध्ये शंभरी गाठली की राजाचे शुभेच्छापत्र येते. वयाचा मान सगळीकडे आहे. रीत मात्र निराळी.

आम्ही परिचारिकांनी ती वॉर्डात पाहिली. इंग्रज बाईंना हात द्यावा, तर त्या म्हणत, "माझं मी करीन." दुसऱ्याचा आधार घेणे त्यांना कमीपणाचे वाटे. आपल्या मावशींना सुनेने चहा हाती दिला नाही, तर कमीपणा वाटे. नुसत्या नावाने हाक मारली की त्या तोंड फिरवीत; "मावशी" म्हटले की मुकाट्याने गोळी घेत. दोघींना सारखेच वागवले, ही आमची सुरुवातीची चूक.

एक गोष्ट मनाला लागते. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते, लहानपणची उरते. मग आपले माणूस मराठीत पाणी मागते आणि खोलीत कोणालाच समजत नाही. दोष मुलांचा नाही. घरात मराठी आम्हीच सोडली.

म्हणून विनंती, इस्पितळाच्या कागदावर भाषा "मराठी" लिहवून घ्या. नातवंडांना "पाणी", "दुखतंय", "जवळ बस" एवढे तरी शिकवा. आणि शब्बाथ उतरल्यावर आपल्यातल्या एकट्या माणसाला फोन करून दोन शब्द मराठीत बोला.

देव सर्वांस आरोग्य देवो. शालोम.