पडद्यावरचा पंप

सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला. त्या काळी यंत्र घडवल्यावरच त्याची परीक्षा व्हायची. ओता, चालवून पाहा, बिघडलं तर पुन्हा ओता. आता पंपाचा आतला पंखा ओतण्याआधीच संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहता येतो. पाणी कुठे अडतं, मोटार किती तापते, ते गणितानं कळतं. मोडतोड पडद्यावरच होते, लोखंड वाचतं.

पण संगणक दिलेल्या आकड्यांवरच बोलतो. मोटारीला ४१५ व्होल्ट मिळतील असं धरलं, की उत्तर देखणं येतं. जत-आटपाडीत, माण-खटावात सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, की विजेचा दाब उतरतो. दाब ८० टक्के उरला, तर मोटारीची फिरवण्याची ताकद वर्गाच्या प्रमाणात घटून ६४ टक्क्यांवर येते. ओझं मात्र तेवढंच. मग ती जादा करंट ओढते, तापते, वायंडिंग जळतं. ऐन उन्हाळ्यात हे झालं, तर उभं पीक वाळतं.

रान न पाहता लिहिलेल्या पावसाच्या कवितेनं कुणी भिजत नाही. संगणकातल्या पंपाचंही तसंच आहे. म्हणून विहिरीवर मोजलेला दाब आधी त्याला सांगावा, मग उत्तर मागावं.