शब्द उसना घेऊ नका

(नव्यानं लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या बैठकीत केलेलं भाषण)



लिहायचं कसं यावर बोला, म्हणालात. प्रतिभा वरून येते, ती शिकवता येत नाही, असं सांगणारे तुम्हाला भेटले असतील. ही पोथीवाल्यांची भाषा आहे. गवंडीकाम शिकता येतं, चामडं कमवायला शिकता येतं, मग लिहिणंच तेवढं का शिकता येऊ नये? १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मातंग समाजातली, चौदाच्या आसपास वयाची पोर, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली. पाटी हातात आली आणि लेखणी चालली. तेव्हा प्रतिभेची पूजा बंद करा, कामाला लागा.

पहिली गोष्ट. उसना शब्द टाकून द्या. नव्या पोरांच्या वह्या मी वाचतो. कवितेमागून कवितेत सूर्य, मशाल, ज्वालामुखी, हजारो वर्षांचा अंधार. हे शब्द ज्यांनी पहिल्यांदा आणले त्यांनी त्यांची किंमत मोजली होती. तुम्ही ते आयते उचलता. प्रस्थापितांचा चंद्र नको म्हणून आपण बाहेर पडलो आणि आपल्याच सूर्याच्या दावणीला जाऊन बांधून घेतलं! नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांसारख्या मुरलेल्या नाटककारालाही त्यातले शब्द कवीला विचारावे लागले. कारण ते शब्द कोशातून आलेले नव्हते, वस्तीतून आले होते. आज त्या कवितेची नक्कल करणं म्हणजे दुसऱ्याच्या गल्लीत फिरून आपलीच गल्ली विसरणं.

माझ्या आईला 'शोषण' हा शब्द ठाऊक नव्हता. तिला मुकादम ठाऊक होता. एका खाड्यापायी त्यानं दोन दिवसांची मजुरी कापली, हे ठाऊक होतं. तुम्ही 'शोषण' लिहिता तेव्हा वाचणारा मान डोलावतो आणि पुढं जातो. मुकादमाच्या वहीतली ती फुली लिहा, म्हणजे तो थांबेल.

आजच्या आज एक काम करा. 'अन्याय' हा शब्द न वापरता अन्यायाचं एक पान लिहा. भाड्याची खोली बघायला गेलात. आडनाव विचारलं. आणि रिकामी खोली एकदम 'कालच दिली' झाली. दारातच उभं केलं होतं की आत बसवलं होतं? पाणी दिलं का? कशातून दिलं? आडनाव ऐकल्यावर मालकीणबाई कुणाकडं बघाया लागली? तेवढंच लिहा. संताप वाचणाऱ्याला येऊ द्या. सगळा संताप तुम्हीच करून टाकलात तर त्याच्या वाट्याला काय उरणार?

दुसरी गोष्ट, लाज. आपल्या घरातलं कसं लिहू, लोक काय म्हणतील? हा प्रश्न खरा आहे, हसण्यावारी नेऊ नका. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये वाट काढली. पुस्तक १९७८ चं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन केले, एक जगलेला, एक लिहिणारा. हा नुसता डाव नाही. स्वतःपासून चार पावलं लांब उभं राहिल्याशिवाय स्वतःचं नीट दिसत नाही. 'मी' जड जात असेल तर 'तो' लिहा, 'ती' लिहा. पण ज्याचं दुःख तुम्ही लिहिता तो माणूस जिवंत असेल, तर छापायच्या आधी त्याला वाचून दाखवा. आपल्याच माणसाचा बाजार आपण मांडायचा नाही.

तिसरी गोष्ट, जागा आणि वेळ. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, लिहू कुठं? अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत होते. बेबीताई कांबळे फलटणला छोटं दुकान चालवत आणि घरच्यांपासून वह्या लपवून लिहीत. ते लिहिणं वर्षानुवर्षं लपून राहिलं. 'जिणं आमुचं' पुस्तक होऊन आलं १९८६ साली. हे सांगतो ते गरिबीचं कौतुक करायला नाही. बाईला वही लपवावी लागते ही शरमेची गोष्ट आहे, आणि ती शरम आपल्या घरातल्या पुरुषांची आहे. बहिणीला लिहायचं असेल तर पाणी तुम्ही भरा. हासुद्धा साहित्याचाच कार्यक्रम आहे.

मोबाईलवर लिहा, बिघडत नाही. लोकलमध्ये, रात्रपाळीत, जमेल तिथं लिहा. पण रोज लिहा, अर्धं पान का होईना. आणि कुठंतरी दुसरी प्रत ठेवा. फोन चोरीला गेला की कविताही गेली, असं होऊ देऊ नका.

चौथी गोष्ट. एकटे राहू नका. गंगाधर पानतावण्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' चालवलं. नुसता अंक काढून ते थांबले नाहीत, लेखक-वाचक मेळावे भरवले. लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर बसला. तुम्ही पाच जण जमा. महिन्यातून एकदा, कुणाच्याही खोलीवर. नियम थोडे, पण कडक. लिहिणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. वाचल्यावर 'मला असं म्हणायचंय' असा खुलासा करायचा नाही. म्हणायचं ते कागदावर नसेल तर परत लिहायचं. ऐकणाऱ्यानं नुसतं 'छान' म्हणायचं नाही. कुठली ओळ लागली आणि कुठं लक्ष सुटलं, ते सांगायचं. माणसाची जात, पोटजात, पक्ष काढायचा नाही. आणि चहा दर वेळी मुलींनीच करायचा नाही.

शेवटी छापण्याचं. अंक वाचल्याशिवाय त्याला लिखाण पाठवू नका. परत आलं तर एकदा वाचा, दुरुस्त करा, दुसरीकडं पाठवा. संपादकानं व्याकरण सुधारलं तर ऐका. बोली 'शुद्ध' केली तर भांडा. पुस्तकाची वेळ आली की करार वाचल्याशिवाय सही करू नका. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा असतो, नोंदणी केली नाही तरी. हक्क देण्याचा करार लेखी लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. 'कायमचे सर्व हक्क' असा शब्द दिसला की पेन खिशात घाला आणि जाणत्याला विचारा. फुकट राबणं बापजाद्यांनी पुष्कळ केलंय.

मित्रांनो, आपल्यात कवी कमी नाहीत. पाच कविता करून गप्प झालेले मात्र फार आहेत. नोकरी लागली, संसार लागला, एक पाकीट परत आलं, कुणी हसलं, आणि वही माळ्यावर गेली. त्या वहीबरोबर एक चाळ जाते, एक नाका जातो, एक आजी जाते. त्यांच्याविषयी मग दुसराच कुणीतरी लिहितो, आणि ते चुकीचं लिहितो.

पुढच्या बैठकीला येताना मतं आणू नका. एक पान आणा.

जय भीम.