वाद्य आणि वाजवणारा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पीण्या येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी लोकवाद्यांवर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाने केली तेव्हा मी संकोचलो. तीस वर्षे फायलींत घालवलेला मी सरकारी मनुष्य. संगीताचा अभ्यासक नव्हे. परंतु तीन वर्षांपूर्वी घरी घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही, आणि तो आपणांपुढे मांडल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही असे वाटते.

मुलाचे लग्न झाले. आमच्या कुळाचाराप्रमाणे लग्नानंतर देवीचा गोंधळ घालावयाचा. बंगळूरात गोंधळी कोठून आणावा, या विवंचनेत असता कोणीतरी सांगितले की पीण्याच्या कारखान्यांत काम करणारा एक तरुण गोंधळ्यांच्या घरातला आहे. त्याचे वडील उत्तर कर्नाटकात असतात. बापलेक आणि आणखी दोघे आले. चौक भरला, दिवटी पेटली, संबळावर काठी पडली, आणि तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा या साऱ्यांना गोंधळाला येण्याचे आवतण गेले. त्या रात्री आमच्या चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांचे गाव झाले होते.

पहाटे पंगत बसली. आम्ही घरचे व पाहुणे आत बसलो. गोंधळ्यांची पाने मात्र बाहेर जिन्याजवळ मांडली गेली. ती कोणी मांडली हे मी विचारले नाही, आणि पाहूनही मी काही बोललो नाही. निघताना म्हातारेबुवा शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, देवीच्या चौकात मला बोलावलंत, पंगतीत मात्र विसरलात.’’ मुलाने संबळ फडक्यात गुंडाळता गुंडाळता भर घातली, ‘‘कारखान्यात मला ऑपरेटर म्हणतात. हे गळ्यात घातलं की ‘ए गोंधळी’ म्हणतात. मग मी माझ्या पोराला हे का शिकवू?’’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचे माझे बोलणे म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम या वाद्यांकडे नीट पाहू. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत हाताने वस्तू घडवणारी माणसे राहतात. ती या वाद्यांचे मर्म माझ्यापेक्षा लवकर जाणतील. तुणतुणे घ्या. एक पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला चामडे, बाजूस ठोकलेली बांबूची काठी, काठीच्या टोकाला खुंटी, आणि चामड्याच्या मध्यापासून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. यापेक्षा कमी सामग्रीत गायकाला आधारस्वर देणारे यंत्र कोणी करून दाखवावे! संबळ ही दोन तोंडांची जोडी. एकाचा स्वर चढा, दुसऱ्याचा खर्जाचा. दोन काठ्यांपैकी एकीचे टोक वाकवलेले असते आणि त्या वाकणानेच संबळाला तो घुमारा येतो. हलगी म्हणजे एक कडे आणि त्यावर ताणलेले चामडे. वाजवण्यापूर्वी ती जाळावर धरून तापवतात. उष्णतेने चामड्यातला ओलावा जातो, ते ताणले जाते आणि आवाज खणखणीत होतो. बंगळूरच्या पावसाळी हवेत ती घटकाभरात सैल पडते, म्हणून मिरवणुकीत हलगीवाला पुनःपुन्हा कागद पेटवताना दिसतो. आपण त्याला खोळंबा समजतो. वस्तुतः तो वाद्य स्वरात आणीत असतो, जसा सतारिया खुंटी पिळतो.

ही वाद्ये केवळ देवकार्यापुरती नव्हती. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने पोवाडा रचला, तेव्हापासून शाहिरी परंपरेने डफ आणि तुणतुणे यांच्या साथीने इतिहास लोकांच्या कानी घातला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी गावोगावच्या सभा जागवल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यात डफावर पडलेल्या थापेचाही वाटा आहे.

आपण येथे परमुलखात राहतो असे म्हणतो. पण ही वाद्ये तसे मानीत नाहीत. वाघ्याच्या हातातली दिमडी ज्या खंडोबासाठी वाजते, तोच कर्नाटकात मैलार म्हणून पूजिला जातो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगतिणी जे चौंडके वाजवतात, त्याला कन्नडमध्ये चौडिके म्हणतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडची कुटुंबे पिढ्यान्पिढ्या त्याच डोंगरावर जात आली आहेत. आपली हलगी येथे हलगे होते. बिरोबापुढे धनगर जो ढोल वाजवतात, त्याचा सख्खा भाऊ म्हणजे कुरुब समाजाचा डोळ्ळु. दैवतही तेच, बीरेश्वर. राज्यांची सीमा नकाशावर १९५६ साली आखली गेली. चामड्यावर ती कोणी आखली नाही.

असे असता ही वाद्ये मागे का पडतात? आपण डीजेला दोष देतो, ध्वनिमुद्रणाला देतो, मोबाइलला देतो. त्यात तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे त्या तरुणाने सांगितले. आपल्या समाजाने वाद्य पवित्र मानले आणि वाजवणाऱ्याला हलका मानला. हलगी वाजवणे हे मातंग आणि तत्सम समाजांवर जन्माने टाकलेले काम होते. लग्न असो, जत्रा असो की प्रेतयात्रा, हाक आली की जावयाचे, आणि मोबदला म्हणून पसाभर धान्य घेऊन दूर उभे राहावयाचे. महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ साली झाला. ज्या घरांनी सक्तीची ही कामे नाकारली, त्यांच्यावर ‘परंपरा सोडली’ असा ठपका ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. त्यांनी जोखड टाकले. त्याच्याबरोबर कोठे वाद्यही सुटले, तर तो दोष जोखड घालणाऱ्यांचा.

आणि पाहा, वाद्याचा द्वेष त्यांनी केला नाही. भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी तमाशाच्याच बाजाने आंबेडकरी जलसे उभे केले. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव गाऊन हाच विचार पोहोचवला. हुकमावरून वाजवणे निराळे आणि आपल्या मनीचे सांगण्यासाठी वाजवणे निराळे, हा धडा त्यांनी आपणां सर्वांना दिला आहे.

येथे मला दूरच्या एका देशाची आठवण होते. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकातला बीटिंग रिट्रीटचा सोहळा आपण दूरदर्शनवर पाहतो. त्यात आपल्या पलटणींचे जवान काखेत पिशवी दाबून जे वाद्य वाजवतात ते बॅगपाइप, म्हणजे स्कॉटलंडचे लोकवाद्य. ब्रिटिश अमदानीत स्कॉटिश पलटणींबरोबर ते येथे आले आणि राहिले. त्याची रचना समजण्यासाठी आपल्या पालघरच्या वारली बांधवांचा तारपा आठवावा. तारप्यात वाळलेल्या दुधी भोपळ्यात हवा फुंकतात व खाली जोडलेल्या दोन नळ्यांतल्या पात्या बोलू लागतात. वादक नाकाने श्वास घेत गाल न सोडता अखंड फुंकतो. बॅगपाइपमध्ये भोपळ्याच्या जागी पिशवी आली. श्वास घेताना वादक ती काखेत दाबतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. एका नळीवर धून, आणि खांद्यावरच्या तीन नळ्यांतून अखंड आधारस्वर. म्हणजे आपल्या तुणतुण्याचेच काम.

तेथेही वादक वंशपरंपरागत होते. स्काय बेटावरचे मॅक्रिमन घराणे मॅक्लाउड सरदारांच्या पदरी होते. आपला ढोलकीवाला बोल म्हणून शिकवतो, तशी ते धून अक्षरांत म्हणून शिष्याला शिकवीत. १७४६ साली कलोडनच्या रणांगणावर डोंगरी टोळ्यांचे बंड मोडले, सरदारांची जुनी सत्ता गेली आणि वादकांचा आश्रयही हळूहळू सुटला. तेव्हा हे वाद्य कोणी सावरले? ते पलटणींनी सावरले हे खरे. पण त्यांच्याबरोबर आणखी एकाने सावरले. लंडनमध्ये, म्हणजे घरापासून दूर, राहणाऱ्या स्कॉटिश लोकांनी १७७८ साली एक मंडळ काढले होते. त्या मंडळाने १७८१ साली फॉलकर्क येथे पायपरांची स्पर्धा भरवली, बक्षिसे दिली, आणि ज्यांना धनी उरला नव्हता त्यांना श्रोता दिला. तेथील क्लारसख नावाची वीणा तर जवळजवळ विस्मृतीत गेली होती. तिच्यासाठी १९३१ साली स्वतंत्र संस्था निघाली, आणि आज ती पुन्हा तरुण बोटांखाली आहे.

बंधुभगिनींनो, त्या लंडनच्या मंडळात आणि आपल्या मंडळात फार अंतर नाही. गाव सुटलेल्या माणसालाच गावच्या आवाजाची किंमत कळते. फक्त एक सावधगिरी हवी. स्पर्धेने वादनाला साचा बसतो आणि नुसत्या बक्षिसाने वादक पुन्हा आश्रिताच्या पायरीवर येतो. आपणांस आश्रयदाते व्हावयाचे नाही. श्रोते आणि शिष्य व्हावयाचे आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेत गायकाइतक्याच ठळक अक्षरांत वादकाचे नाव छापावे, त्याला ठरवून मानधन द्यावे, आणि त्याचे पान आपल्या पंगतीत असावे. दुसरी, मंडळाने संबळ, हलगी, ढोलकी आणि तुणतुणे विकत घेऊन रविवारचा वर्ग सुरू करावा. त्यात मुलगा असो वा मुलगी, जात न विचारता प्रवेश मिळावा आणि गुरू म्हणून याच कारखान्यांतल्या जाणत्या हातांना बोलवावे. हलगी सर्वांच्या हातात गेली की ती कोणा एकाची खूण राहणार नाही. तिसरी, गणेशोत्सवात एक संध्याकाळ डोळ्ळु आणि चौडिके वाजवणाऱ्या आपल्या कन्नड शेजाऱ्यांना द्यावी.

हे होणे अशक्य नाही. मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, तलवारींना पाणी देणारे. शस्त्रांची मागणी सरली तेव्हा त्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवावयास घेतल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हात तेच, काम बदलले, आणि कामाला मान मिळाला. दिवसा लेथ चालवणारा हात रात्री संबळ वाजवतो, यात कमीपणा कोणता?

शेवटी पुन्हा माझ्या घरच्या त्या पहाटेकडे येतो. गेल्या वर्षी नातवाच्या बारशाला मी त्या गोंधळीबुवांना पत्र पाठवून बोलावले. संबळ न घेता, पाहुणे म्हणून. ते आले, माझ्या शेजारच्या पानावर बसले. जेवण झाल्यावर मुलाने आपण होऊन पिशवीतून तुणतुणे काढले. ते आणावयास कोणी सांगितले नव्हते. त्याचा सहा वर्षांचा मुलगा बापाच्या मांडीला टेकून ते पाहत होता. त्याने हात पुढे केला, आणि बापाने तो मागे सारला नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले असे मी म्हणत नाही. त्याची सुरुवात मिळाली.