धुलाईयंत्राचे अंश आणि फेरे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला-शाखेच्या विनंतीवरून दिलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून कपडे धुण्याविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु महिला-शाखेच्या चिटणीसबाईंनी हाच विषय मागितला आणि त्यास कारण आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील आपल्या अनेक घरांत आता धुलाईयंत्र आले आहे. पुष्कळदा ते मुंबईचा मुलगा पाठवितो; सोबतची पुस्तिका कपाटात जाते आणि बटण फिरविण्याचे काम सुनेवर पडते. अशाच एका घरी सासूबाईंचा लग्नातील शालू साठ अंशांच्या पाण्यात आणि बाराशे फेऱ्यांत गेला. तो स्वच्छ व्हावा हाच सुनेचा हेतू. जर काळवंडली, रेशीम आखडले आणि पुढे कित्येक महिने दोघींचे बोलणे तुटले. जे तिला कोणीच सांगितले नव्हते, त्याचा दोष मात्र तिच्या एकटीच्या पदरी आला.

प्रथम अंशांचे पाहू. कपड्याच्या आतील शिवणीला चिठ्ठी असते, तिच्यावर पाण्याने भरलेल्या घमेल्याचे चित्र असते. त्यातील आकडा ही कमाल मर्यादा होय. पाणी तितके तापवावेच, अशी ती आज्ञा नव्हे. आकड्याऐवजी ठिपके असल्यास एक म्हणजे ३० अंश, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५० आणि चार म्हणजे ६०. घमेल्याखाली आडवी रेघ असेल, तर यंत्र सौम्य चालवावे. घमेल्यावर फुली असेल, तर तो कपडा घरी पाण्यात घालू नये.

ही चिन्हे युरोपात रूढ झाली. तेथे हिवाळ्यात नळाचे पाणी दहा अंशांच्याही खाली उतरते. आपल्या टाकीतले पाणी एरवीच पंचवीस-सत्तावीस अंशांचे. वैशाखात गच्चीवरील काळ्या टाकीचे तर हातास चटका देणारे. म्हणजे आपले ‘थंड’ धुणे आणि त्यांचे तीस अंशांचे धुणे यांत फारसे अंतर नाही. रोजच्या घामाच्या, धुळीच्या कपड्यांसाठी पाणी तापविण्याचे आपणांस कारण नाही. हिशेबच करावयाचा, तर दहा लिटर पाणी २७ वरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे ०.१५ युनिट वीज लागते आणि ६० वर नेण्यास सुमारे ०.३८ युनिट; कपडे आणि पिंप तापण्याचा खर्च निराळा. वरून झाकण उघडणाऱ्या पुष्कळ यंत्रांत तापविण्याची सोयच नसते. त्यांच्या मालकांनी एवढा भाग सोडून द्यावा.

मग तापवावे केव्हा? आजाऱ्याचे अंथरूण, तान्ह्या बाळाची दुपटी, स्वयंपाकघरातील फडकी यांना साठ अंश योग्य. अंथरुणातील डोळ्यांस न दिसणारे किडेही त्या तापमानात मरतात; घरात दमेकरी असल्यास हे विसरू नये. खोबरेलाने माखलेल्या उशीच्या अभ्र्यांना चाळीस अंश द्यावेत, कारण हे तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजते आणि गार पाण्यात सुटत नाही. रक्त, दूध, अंडे यांचे डाग मात्र आधी गार पाण्यातच काढावेत. उकडलेले अंडे जसे घट्ट होते, तसा हा डाग गरम पाण्याने धाग्यात बसतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, म्हणून कोणी घाबरू नये. धुऊन उन्हात घातल्यास तो हळूहळू उडतो. केळीचा वा काजूचा चीक कोणत्याच अंशास दाद देत नाही, हे आपल्या वाडीवाल्यांना मी काय सांगावे!

आता फेरे, म्हणजे पिळणी. मिनिटास किती फेरे, हा तो आकडा. येथे गणित ध्यानात घ्यावे: फेरे दुप्पट केले, तर कपड्यास पिंपाच्या भिंतीकडे लोटणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. सहाशेस जे रेशीम तगेल, ते बाराशेस तगेलच असे नाही. सुती चादरी, पंचे, धोतरे यांना हजार ते बाराशे फेरे चालतात. टेरिकॉटचे सदरे मुळात पाणी कमी धरतात. त्यांना सहाशे-आठशे पुरेत, अधिक दिल्यास चुण्या बसतात आणि इस्त्री करणाऱ्याचे हात दुखतात. लोकरीस तीस अंश आणि चारशे फेरे. उष्णता आणि घुसळण एकत्र आली की लोकर आटते. साधे रेशीम जुन्या रीतीने रिठ्याच्या पाण्यात हलके खळबळून सावलीत वाळवावे. पैठणी, शालू यंत्रात घालूच नयेत.

पावसाळ्यात या आकड्यांचे मोल खरे कळते. आपल्या किनाऱ्यावर वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि आषाढात पडवीतल्या दोरीवरचे धोतर तीन दिवस ओलेच राहून त्यास कुबट वास येतो. पाच किलो सुती कपडे आठशे फेऱ्यांनंतर साधारण साडेतीन किलो पाणी धरून बाहेर येतात. बाराशे फेऱ्यांनंतर अडीच-पावणेतीन किलो. हे किलोभर पाणी यंत्राने अल्प विजेत काढले, तर दोरीवरचा अर्धा दिवस वाचतो. मात्र एकटीच जाड चादर पिंपात टाकू नये. भार एका अंगास जातो आणि यंत्र थडथडते किंवा पिळणीच करीत नाही. तिच्यासोबत दोन-तीन पंचे घालावेत.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ व जड असते. ते वारंवार साठ अंशांवर नेल्यास तापविणाऱ्या नळीवर क्षार बसतो. अशा घरांनी गरम धुण्यासाठी शक्य तर नळयोजनेचे पाणी वापरावे. धुणे आटोपल्यावर यंत्राचे दार उघडे ठेवावे व दाराच्या रबरातील पाणी पुसावे, नाही तर तेथे बुरशी धरते.

आणखी एक गोष्ट, पुरुषवर्गासाठी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. तेव्हा सारे धुणे पुन्हा दगडावर आले आणि ते कोणी धुतले, हे सभागृहातील प्रत्येकास ठाऊक आहे. यंत्राचे बटण फिरविण्यास ना बळ लागते ना पदवी. मी स्वतः केवळ मॅट्रिक आहे आणि आमच्या घरचे यंत्र मीच चालवितो.

ज्यांची पुस्तिका इंग्रजीत आहे, त्यांनी ती घेऊन भोजनोत्तर मजकडे यावे. मी वाचून मराठीत लिहून देईन. येताना घरातील कर्त्या पुरुषासही सोबत आणावे.